जरा वजनदार लिवा

माझ्या आजीला आमच्या आबांनी चार वेळा मरणाच्या दारात नेऊन बसवली, आणि चारही वेळा तारेने. आबा म्हणजे माझे वडील, फौजेत सुभेदार. कोरेगावपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत असे, आणि पेरणीसाठी, बारशासाठी किंवा नुसतीच घरची ओढ लागली म्हणून साहेब रजा देत नाही हे लहान पोरालाही ठाऊक असे. मग गावाकडून तार जायची, 'मदर सिरीयस'. आजी दारात घेवड्याच्या शेंगा सोलत बसलेली असायची आणि नाना, म्हणजे माझे चुलते, तालुक्याच्या पोस्टात जाऊन तिला अत्यवस्थ करून यायचे. "आज कशानं आजारी हाय मी?" ती विचारायची. "छातीत कळ आलीया," नाना सांगायचे. "मागल्या खेपंला पोटात हुतं न्हवं?" "पोटाला चारच दिस रजा मिळती. छातीला पंधरा." आजी हसायची आणि पुढची शेंग उचलायची. पुढे ती खरोखरच अंथरुणाला खिळली, नानांनी पाचवी तार केली, आणि तिकडे साहेब हसला. आबा आले ते तेराव्याला. या प्रकारातून दुसरा एखादा माणूस काही वेगळं शिकला असता. आबा एवढंच शिकले की तार कमी पडली. "नुसतं सिरीयस काय लिवलंस?" ते नानांवर ओरडले होते, डोक्याचा चकोट झालेला, डोळे लाल. "काय झालंय ते लिवायचं. कागद वजनदार पायजे."

हे वाक्य पुढे माझ्या आयुष्यात येऊन बसणार होतं, पण तेव्हा मी परकरातली पोर होते.

आबा पेन्शनीत आले आणि घराला पलटणीची शिस्त लागली. त्यांची काळी पत्र्याची ट्रंक माजघरात देवाच्या फळीखाली ठेवलेली असे. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि नंबर. सगळ्या घराचे कागद तिच्यात, आणि किल्ली आबांच्या जानव्याला नाही, बनियनच्या आत गोफाला. सकाळी मिरजेकडे जाणारी पॅसेंजर शिट्टी देऊन गेली की आई भाकरी थापायला बसे, आबा दाढी करून बुटांना पॉलिश करायला बसत. पेन्शनीतल्या माणसाला शेताच्या बांधावर जायला बूट कशाला चमकावे लागतात हे विचारण्याची कोणाची छाती नव्हती. हिवाळ्याच्या तोंडाशी खळ्यावर घेवडा झोडपायचा आवाज दिवसभर येई, धप्प, धप्प, मध्ये थांबून नानांचा खोकला, पुन्हा धप्प. तांबूस पट्ट्यांचा तो वाघ्या घेवडा, रात्रभर भिजवून, कांदा-लसणाची चटणी घालून आई त्याची आमटी करी, आणि त्या आमटीत भाकरी कुस्करून आम्ही दोघी बहिणी एकाच ताटात जेवायचो. दोघी म्हणजे मी आणि नंदा. नंदा नानांची मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. सख्खी-चुलत असा शब्द आमच्यात कधी आला नाही. एका वाकळेत झोपायचो, एकीची रिबन दुसरीच्या वेणीत असायची.

नंदा तालुक्याच्या कॉलेजात शास्त्र शाखेला होती. मी अकरावीला त्याच कॉलेजात गेले तेव्हा तिने मला बेडूक कसा टाचायचा ते शिकवलं. तिचा हात फार नेटका. तिच्या वहीतली हृदयाची आकृती, लाल आणि निळ्या पेन्सिलीने रंगवलेली, आमचे सर दुसऱ्या तुकडीत नेऊन दाखवत. त्या प्रयोगशाळेत प्रकाश नावाचा असिस्टंट होता. कुंडलचा, बौद्ध घरातला, बोलायला हळू. काचेची नळी फुटली तर ओरडायच्या आधी बोट कापलं का ते बघायचा. माझी बारावी नुकतीच सुरू झाली होती, तेव्हा एका मंगळवारी नंदा कॉलेजातून घरी आली नाही. तिसऱ्या दिवशी सांगलीहून पत्र आलं की आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलं आहे, आम्हाला शोधू नका, शालनला माझ्या वह्या द्या. शालन म्हणजे मी.

घरात कोणी मोठ्याने रडलं नाही. नाना उखळावर बसून राहिले. आबांनी मात्र ताबा घेतला, कुठे चढाई असावी तसा. नंदाचे कपडे परसात जाळले. नाव काढायचं नाही असा हुकूम झाला. प्रकाशचे वडील हेडमास्तर होते, आई दवाखान्यात नर्स. आमच्या घरात सातवीच्या पुढे गेलेली बाई नव्हती. पण वर कोण आणि खाली कोण हे आमच्याकडे शिक्षणावरून ठरत नसे. तो हिशेब जन्माच्या आधीच झालेला असे, आणि फौजेत सगळ्यांबरोबर एका लंगरात जेवलेल्या माझ्या वडिलांनीही गावच्या वेशीत शिरताना तो पुन्हा अंगावर चढवला होता.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन निघाले तर आबा दारात उभे. "कुटं?"

"कॉलेजला."

"बिलकुल न्हाई. त्या लॅबमदीच ह्यो मामला झाला. आपली दुसरी पोर तिथं जायाची न्हाई."

"आबा, मी काय केलंया?"

"तू काय केलं न्हाईस. म्हणूनच घरात ऱ्हा."

आईने माझ्या हातातून पिशवी काढून घेतली. मला वाटलं ती त्यांच्या बाजूची. दुपारी तिने मला घेवड्याचं पोतं निवडायला बसवलं आणि पोत्यात हात घातला तर तळाशी नंदाच्या वह्या. कपड्यांच्या ढिगात जळायच्या आधी आईने त्या उचलल्या होत्या. "दाणं निवडत वाच," ती म्हणाली, "आन् कुनी आलं तर वरनं दाणं सार." असं माझं ते वर्ष गेलं. माझ्या वर्गातल्या मुली बारावीला बसल्या आणि मी सुपात घेवडा पाखडत हृदयाचे चार कप्पे पाठ करत बसले. खडे एका बाजूला, किडके दाणे एका बाजूला, मांडीखाली वही. सकाळची पॅसेंजर गेली की माझं सूप मध्येच थांबे, कारण त्या वेळी आम्ही दोघी कॉलेजच्या रस्त्याला लागलेल्या असायचो.

मला परत कॉलेजात धाडलं ते माझ्या रडण्याने नव्हे. साताऱ्याला आबांचे एक जुने साहेब राहत. आबा त्यांना भेटून आले आणि जेवताना नानांना म्हणाले, "साहेब म्हणत्यात, सुभेदार, घराला डाग लागला आसंल तर पोरीला डॉक्टर करा. मग लोक तेवढंच बोलतील." माजी सैनिकांच्या मुलांसाठी मेडिकलला काही जागा राखून असत. म्हणजे मी डॉक्टर व्हायचं ते डाग धुण्यासाठी. मला काय, कारण कोणतंही चाललं असतं. मी बारावी केली. निकाल लागला तेव्हा पेपर घेऊन नाना खळ्यावरून धावत आले, धोतर सोडून गुडघ्यापर्यंत आलेलं. त्या मार्कांवर सैनिकांच्या यादीत माझं नाव वरच्या काही मुलांत बसणार होतं. आईने त्या दिवशी पुरणाचा घाट घातला आणि कढईपाशी बसून पदराने डोळे पुसले. धूर लागला म्हणाली. चुलीत धूर नव्हता.

आता अर्ज. चार पानी छापील अर्ज आबांनी ट्रंकेवर पसरला आणि चष्मा लावून एकेक रकाना बोट ठेवून वाचला. नाव, गाव, पलटण, मार्क, सगळं सरळ गेलं. मग एका रकान्यावर बोट थांबलं. 'शिक्षणात खंड पडला असल्यास त्याचे कारण व पुरावा.' अकरावी आणि बारावीच्या मध्ये माझं एक वर्ष गायब होतं, आणि ते दोन्ही गुणपत्रिकांवरून कोणालाही दिसत होतं.

"घरची अडचण म्हणून लिवा," आई म्हणाली.

"कसली अडचण, म्हणून इचारलं तर? काय सांगायचं? नंदा पळाली म्हणून?" ते नाव दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आलं आणि नाना उठून बाहेर गेले.

मग आबांनी तेच केलं जे पलटणीतल्या कोणाही जवानाने केलं असतं. कोरेगावच्या बाजारपेठेत आमचे अण्णा डॉक्टर होते, सगळ्या गावाचे. भला माणूस, कधी कोणाला नाही म्हणाला नाही, हाच त्याचा दोष. आबांनी सांगितलं, पोर वर्षभर आजारी होती असा दाखला पाहिजे. अण्णांनी टायफॉईड लिहायला घेतला.

"टायफॉईडला वरीस कोण दील, अण्णा?" आबा म्हणाले. "म्हैन्यात उठतंय माणूस. जरा वजनदार लिवा."

अण्णांनी पेन गालाला लावून विचार केला आणि खरोखर वजनदार लिहिलं. सांधेताप, त्यातून हृदयाच्या झडपेला इजा, एक वर्ष सक्तीची विश्रांती. खाली सही, शिक्का. त्यावरून कचेरीबाहेरच्या टंकलेखकाने प्रतिज्ञापत्र टाईप केलं, मोठ्याने वाचत वाचत, रांगेतल्या दहा माणसांच्या कानांवर घालत. मी नंदाच्या वहीतली झडप रोज बघत होते. मला त्या इंग्रजी शब्दांचा अर्थ आबांपेक्षा जास्त कळत होता.

"आबा, हे लय झालं," मी परतताना म्हणाले. "झडप एकदा बिघडली की तशीच ऱ्हाती. त्ये कायमचं आसतंय."

"तुला काय कळतंय? जेवढा मोठा आजार, तेवढा सवाल कमी."

मी डॉक्टर व्हायला निघालेली मुलगी, आणि आपल्या अंगावर आयुष्यभराचा आजार चढतोय हे दिसत असताना गप्प बसले. पोस्टात अर्ज टाकताना आबांनी पाकिटाला कपाळ लावलं.

परवा माझ्या भाच्याची मुलगी रेवा माझ्याकडे मोबाईल घेऊन आली होती. तिला डॉक्टर व्हायचंय, पहिल्या वर्षी नीटमध्ये मार्क कमी पडले, मग वर्षभर घरी बसून पुन्हा परीक्षा दिली. आता गॅपचं प्रतिज्ञापत्र अपलोड करायचं होतं. भाचा सोफ्यावरून म्हणाला, "मेडिकल रीझन टाक की, सगळे तेच टाकतात." माझ्या हातातला चहाचा कप बशीत असा वाजला की दोघंही दचकली. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रेवाने निमूटपणे टाईप केलं, पहिल्या प्रयत्नात गुण कमी पडल्याने पुन्हा परीक्षेची तयारी केली. एका ओळीचं काम. त्या ओळीने कोणाचं घर बुडालं नाही.

माझ्या वेळी मेडिकलच्या प्रवेशाआधीची शारीरिक तपासणी सांगलीला होती. सकाळच्या पॅसेंजरने निघालो. मी नंदाची रिबन लावली होती, आईने मुद्दाम काढून दिलेली. आबांच्या अंगात पलटणीचा कोट, बुटांत तोंड दिसावं अशी चमक. फडक्यात भाकरी, घेवड्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी. कऱ्हाड गेलं, पुढे ऊस दोन्ही बाजूंनी गाडीला लागला. कुंडलला, नंदाच्या सासरच्या गावाला, जायला जिथे उतरतात ते स्टेशन जवळ आलं तसे आबा उठले आणि त्यांनी आमच्या खिडकीची फळी खाली ओढली. डब्यात उकडत होतं. समोरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "आवं, वारं कशाला बंद केलंसा?" आबा म्हणाले, "धूळ येती." गाडी सुटल्यावर फळी वर गेली. फळीच्या फटीतून मी फलाट पाहत होते. नंदा दिसेल असं वाटलं होतं का, ते आता सांगता येणार नाही.

तपासणीच्या खोलीत तीन डॉक्टर होते. प्रमुख एक बाई, किडकिडीत, केसांत बरीच पांढरी, सुती पातळ. बाई डॉक्टर मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते आणि माझी नजर हलेना. बाईंनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. मला पडद्याआड नेऊन नळीने ऐकलं. बसून, मग झोपवून, मग कुशीवर. जिना दोनदा चढून-उतरून यायला लावलं आणि पुन्हा ऐकलं. मी शेतातली पोर, मला धाप कसली लागतेय? मग त्यांनी नळी गळ्यात टाकली आणि हलक्या आवाजात विचारलं, "बाळ, खरं सांग. तू आजारी होतीस?"

पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. त्याच्याखालून मला आबांचे बूट दिसत होते. टाचा जुळवून उभे.

"हो," मी म्हणाले. "ताप यायचा."

आबांना मी आयुष्यभर दोष दिला, आणि देणार आहे. पण ते 'हो' माझं आहे. ते कोणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. बाईंनी दार किती उघडं धरलं होतं ते मला आज कळतं, आणि मी अठरा-एकोणीस वर्षांची घोडी त्या दाराशी उभी राहून बूट बघत बसले.

बाई बाहेर आल्या आणि आबांशी बोलल्या. "सुभेदारसाहेब, मला हिच्या छातीत काहीही ऐकू येत नाही. पण कागद तुम्ही दिलाय. झडपेचा आजार असलेल्या मुलीला मी पात्र लिहू शकत नाही. ती आजारी नव्हती, असं तुम्ही आत्ता म्हणा. कागद चुकून लिहिला गेला म्हणा. पुढचं मी बघते."

खोलीत पंखा कुरकुरत होता. दुसरे दोघे डॉक्टर खाली मान घालून बसले होते. त्यांना सगळं समजलं होतं. एका वाक्याचं काम होतं. आबांनी तोंड उघडलं, मला वाटलं आलं वाक्य. मग बाईंनी, बिचाऱ्यांनी सहजच, विचारलं, "मग वर्षभर घरी का होती ती?"

आबांची मान ताठ झाली. "तिचं हार्ट नाजूक हाय, मॅडम," ते म्हणाले. "कागदात लिवलंय ते खरं हाय."

बाईंनी कागद मिटून बाजूला ठेवला. मग त्या म्हणाल्या, "आठ दिवस थांबते. हृदयरोगाच्या डॉक्टरांचा रिपोर्ट आणा, सोबत तुमचं दोन ओळींचं पत्र. आठ दिवसांनी तिची जागा पुढच्या मुलाला जाईल." आणि मला म्हणाल्या, "ये हं परत." ते 'ये हं परत' ऐकून मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. फडक्यातली भाकरी आम्ही दोघांनीही खाल्ली नाही. येताना स्टेशन आलं, आबांनी पुन्हा फळी ओढली.

पुढचे आठ दिवस मी रोज सकाळी अंघोळ करून, वेणी घालून, बाहेरचं पातळ नेसून तयार राहिले. रोज पॅसेंजर शिट्टी देऊन गेली. आबा बूट पॉलिश करत बसलेले असायचे आणि मला वाटायचं, आज ते उठतील आणि म्हणतील, चल. चौथ्या दिवशी आईने विषय काढला, घरात लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहून. "दोन वळी लिवून द्या की. पोरीचं कल्याण हुईल."

"आन् का बसवली इचारलं तर?"

"खरं सांगा."

"बकवास बंद," आबा म्हणाले. "आजारी पोर चालंल मला. बदनाम पोर न्हाई चालायची."

आई आत येऊन भाकरी थापू लागली. त्या दिवशी तिच्या भाकरीला एकही पापुद्रा आला नाही. नवव्या सकाळी मी रोजचं पातळ नेसले आणि गोठ्यात गेले.

पेराल तसं उगवतं म्हणतात. आमच्याकडे तर चांगलंच तरारून आलं. टंकलेखकाने रांगेला वाचून दाखवलेलं प्रतिज्ञापत्र बाजारपेठेतून आमच्या गावात आलं, गावातून पाहुण्यारावळ्यांत गेलं. तुळशीचं लग्न होऊन स्थळं बघायला सुरुवात झाली तशी मी सगळीकडे 'हार्टवाली पोरगी' झाले होते. पहिलं स्थळ वेशीवरूनच परतलं. दुसऱ्यांनी पोहे खाल्ले आणि निघताना नवऱ्यामुलाची आत्या आईला म्हणाली, "बाळंतपण झेपंल का वो तिला?" तिसऱ्यांनी निरोपही पाठवला नाही. नंदाचा डाग झाकायला अंगावर घेतलेला आजार आता स्वतःच डाग झाला होता.

आणि मग एका सकाळी आबा दाढी करून उठले आणि मला म्हणाले, "चल, सांगलीला जायाचंय."

मला कळेना. मला खरंच वाटलं की बाईंनी जागा ठेवली असेल. गाडीत बसेपर्यंत मला तसंच वाटत होतं. तेवढी मी खुळी होते. गाडीत त्यांनी सांगितलं, मोठ्या डॉक्टरांकडून हृदयाची पट्टी, ईसीजी, काढून घ्यायची, पाहुण्यांना दाखवायला. जे आठ दिवसांत जमलं नव्हतं ते एका दुपारीत झालं. डॉक्टरांनी छातीला, हातापायांना तारा लावल्या, मशिनमधून कागदाची पट्टी सरसर बाहेर आली, आणि त्यांनी लिहून दिलं की हृदय पूर्ण निरोगी आहे, पूर्वी कोणताही आजार झाल्याची खूण नाही. आबांनी तो कागद घडी न घालता, छातीशी धरून घरी आणला.

चौथं स्थळ आलं ते वाई भागातलं, तालेवार. ओसरीवर सतरंजी, पाच-सहा माणसं. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले तर मुलाचे चुलते म्हणत होते, "सुभेदार, राग मानू नका, पर पोरीच्या आजाराचं कानावर आलंया."

आबांनी रिपोर्ट आणि पट्टी त्यांच्यासमोर सतरंजीवर ठेवली. आणि मग, मी तीन हातांवर उभी असताना, माझे वडील स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "पोरीला कवाच काय झालं न्हवतं. त्यो दाखला कॉलेजापुरता हुता. आमीच घरात बसवली हुती वरीसभर."

"का वो?"

"थोरल्या पोरीनं जरा येडंवाकडं केलं. म्हटलं, हिला बाहेर नको."

चुलत्यांनी मान डोलावली. बाकीच्यांनीही डोलावली. "ते बरं केलंसा," ते म्हणाले आणि पोह्यांची बशी पुढे ओढली.

तेवढंच. ज्या वाक्याखाली घर गाडलं जाईल असं आबांना वाटत होतं, ते बोलून झालं आणि सतरंजीवरची लिंबाची फोडसुद्धा हलली नाही. उलट शाबासकी मिळाली. मी उरलेल्या बशा खाली ठेवल्या.

"आबा," मी म्हणाले, "ह्येच त्या मॅडमना सांगायचं हुतं."

आबा माझ्याकडे बघेनात. रिपोर्टाची कड बोटाने सरळ करत राहिले. मुलाच्या आईने पदर सावरला आणि हळूच शेजारणीला म्हणाली, "पोरगी जरा बोलकी दिसतीया." तरी तीन दिवसांनी त्यांचा होकार आला. निरोगी होते ना मी, शिवाय घरात बसवून ठेवलेली.

होकार आला त्याच्या दुसऱ्या सकाळी आईने मला फडक्यात भाकरी बांधून दिली. मी काही सांगितलं नव्हतं, तिनेही विचारलं नाही. फडक्याखाली तिने ट्रंकेतले माझे कागद ठेवले होते, गुणपत्रिका, अर्जाबरोबर परत आलेला दाखला आणि सांगलीची पट्टी. बनियनातली किल्ली तिने कशी मिळवली हे तिने मरेपर्यंत सांगितलं नाही. "नंदीला म्हणावं, घेवडा दिलाय," एवढंच ती बोलली आणि पुरचुंडी माझ्या हातात कोंबली. पॅसेंजरमध्ये मला खिडकी मिळाली. कुंडलचं स्टेशन येईपर्यंत फळी वरच होती, आणि गाडी थांबल्यावर मी उतरले.

नंदा आणि प्रकाशने मला पदवीपर्यंत शिकवलं. पुढे तीस वर्षं मी सांगलीच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवलं, फळ्यावर लाल-निळ्या खडूने हृदय काढलं, आणि माझ्या हातून गेलेल्या काही मुली डॉक्टर झाल्या. लोक म्हणतात, बाई, तुमचं चांगलंच झालं की. चांगलं झालं. मला डॉक्टर व्हायचं होतं. आबा माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. शेवटच्या आजारात गावाकडून निरोप आला म्हणून भाच्याने, नंदाच्या मुलाने, मला फोन केला, 'आजोबा सिरीयस आहेत', आणि मला, देव माफ करो, आधी ते खरं वाटलं नाही. मी पोचले तेव्हा उशीर झाला होता.

रेवाचं काम झाल्यावर मी कपाटातून ते जुने कागद काढले, तिला दाखवावेत म्हणून. अण्णा डॉक्टरांचा दाखला शाईचा. सांधेताप, झडप, सक्तीची विश्रांती, सही, शिक्का, अक्षरन् अक्षर वाचता येतं. सांगलीची पट्टी मी उलगडली. रेवाने ती खिडकीपाशी नेली, उजेडात धरली, उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "आजी, ह्याच्यावर तर काहीच नाहीये." त्या पट्ट्यांवरची रेघ अशीच उडून जाते म्हणे, वर्षांनी.